बेहिशेबी प्लुटोनियम आणि वजनाचा प्रश्न

जपानमध्ये तोकाई येथे अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा एक कारखाना १९७७ साली सुरू झाला. अणुभट्टीत जळून निघालेल्या इंधनाच्या कांड्या तोडावयाच्या, त्या आम्लात विरघळवावयाच्या आणि त्या द्रावणातून प्लुटोनियम वेगळे काढावयाचे, हे त्याचे काम. पंचवीस वर्षांत या कारखान्यातून, कागदावरील गणिताप्रमाणे, सुमारे ६,८९० किलो प्लुटोनियम निघावयास हवे होते. प्रत्यक्षात २०६ किलो कमी भरले. ही कबुली जानेवारी २००३ मध्ये खुद्द जपानी सरकारनेच दिली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीची राखरांगोळी करणाऱ्या बाँबमध्ये अवघे सहा किलोंच्या आसपास प्लुटोनियम होते, हे ध्यानात घेतले म्हणजे २०६ या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि तो आकडा त्याच देशाच्या वहीत निघाला, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

एप्रिल २००३ मध्ये त्याचा खुलासा झाला. १०६ किलो प्लुटोनियम अतिकिरणोत्सारी टाकाऊ द्रवाबरोबर गेले होते. १२ किलो इंधनाच्या तोडलेल्या नळकांड्यांना चिकटून राहिले होते. २९ किलो तर नैसर्गिक ऱ्हासानेच प्लुटोनियम म्हणून नाहीसे झाले होते. उरलेल्या ५९ किलोंची फोड मात्र तेव्हा झाली नाही. अणुभट्टीत प्लुटोनियम किती तयार होते याचा मूळ अंदाजच काहीसा फुगलेला असावा, हे त्यामागील एक संभाव्य कारण. चोरी झाली, असे कोणीही म्हटले नाही. तसे मानण्यास आधारही नव्हता. पण चोरी झालेली नाही हे सांगावयाचे तरी कशाच्या बळावर? कुलपे, मोहरा आणि कॅमेरे आपापली साक्ष देतात. तथापि शेवटची साक्ष वजनाचीच असते. वजनाची साक्ष खरी मानावयाची तर ताजव्यात टाकलेले माप खरे असले पाहिजे. आणि प्लुटोनियमचे माप तयार करणे हे जगातील अत्यंत अवघड, आणि बहुधा कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे असे काम आहे.

कचेरीत ज्याने किर्द-खतावणी सांभाळली आहे त्याला आण्विक पदार्थांचा जमाखर्च चटकन् समजेल. महिन्याच्या आरंभी शिल्लक किती, आत आले किती, बाहेर गेले किती, आणि अखेरीस कोठीत प्रत्यक्ष मोजले तर किती, एवढाच तो हिशेब. पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत जो फरक निघतो त्याला या शास्त्रात ‘बेहिशेबी पदार्थ’ असे नाव आहे. मात्र पैशाच्या आणि प्लुटोनियमच्या हिशेबात एक मूलभूत भेद आहे. शंभर रुपये मोजले की ते शंभरच असतात. त्यात अधिक-उणे असे काही नसते. प्लुटोनियमची नाणी पाडलेली नसतात. ते टाकीतल्या द्रावणात असते, भुकटीत असते, नळ्यांच्या सांध्यांत आणि गाळण्यांच्या जाळीत दडून बसलेले असते. आणि प्रत्येक वेळी ते मोजताना थोडी चूक ही व्हावयाचीच. अमेरिकेतील रॉकी फ्लॅट्स या शस्त्रकारखान्यात केवळ हवा बाहेर सोडणाऱ्या नळांत सुमारे २८ किलो प्लुटोनियम साचून राहिल्याचे उघडकीस आले होते. म्हणूनच, ज्या कारखान्याचा ताळेबंद दरवेळी शून्यावर जुळतो त्याच्याकडे जाणता निरीक्षक समाधानाने पाहत नाही; तो संशयाने पाहतो. खऱ्या मोजमापात फरक येतोच. न येणारा फरक हा बहुधा वहीत बसून जुळवलेला असतो.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेने प्लुटोनियमच्या बाबतीत ८ किलो हे ‘लक्षणीय प्रमाण’ ठरविले आहे. एवढे जर बाजूला काढले गेले तर एक बाँब होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. आता जपानमधील रोक्काशो येथील कारखान्याचे उदाहरण घ्यावे. वर्षाला ८०० टन जळालेले इंधन हाताळण्याच्या क्षमतेने त्याची आखणी झाली, आणि तेवढ्या इंधनात साधारण ८ टन प्लुटोनियम असते. मोजमापात शेकडा एक इतकी अनिश्चितता राहिली तर ती ८० किलो झाली, म्हणजे दहा बाँबांइतकी. ती शेकडा ०.३ वर आणली तरी २४ किलो उरतात. शाळेतील कोणत्याही मुलाला हे त्रैराशिक सोडविता येईल, पण त्याच्या उत्तरापुढे मोठमोठे मुत्सद्दी निरुत्तर होतात. वर्षातून एकदा नव्हे तर अल्प मुदतीने हिशेब घेणे, जागोजाग पाळत ठेवणे, कारखान्यातच निरीक्षकांची प्रयोगशाळा बसविणे असे उपाय मग योजावे लागतात. या साऱ्या उपायांच्या तळाशी मात्र एकच प्रश्न शिल्लक राहतो: ज्याच्याशी ताडून पाहावयाचे ते प्रमाण कोठून आणावयाचे?

भुसार दुकानदाराच्या वजनांवर वजनमाप निरीक्षकाचा शिक्का असतो. निरीक्षकाची वजने राज्याच्या प्रयोगशाळेतील मापांशी ताडलेली असतात. ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी. आणि दिल्लीची ५७ क्रमांकाची किलोग्राम-प्रत पॅरिसनजीक सेव्र येथे जतन केलेल्या मूळ किलोग्रामशी, अशी ती साखळी कित्येक वर्षे होती. मे २०१९ पासून किलोग्रामची व्याख्याच एका भौतिक स्थिरांकावर बेतण्यात आली आणि धातूच्या त्या गोळ्याचे राज्य संपले. प्लुटोनियमचेही असेच एक माप करून तिजोरीत ठेवून द्यावे, हा विचार सहज सुचणारा आहे. अडचण अशी की, हे माप तिजोरीत पडल्यापडल्याच बदलत असते.

प्लुटोनियम हे एकजिनसी नसते. त्यात २३८, २३९, २४०, २४१ आणि २४२ या वस्तुमानांकांचे समस्थानिक मिसळलेले असतात. २३९ चे अर्धायुष्य २४,११० वर्षांचे. म्हणजे दहा वर्षांत त्यातील शेकडा ०.०३ हूनही किंचित कमी भाग नाहीसा होतो. हा भाग नगण्य वाटेल, पण उत्तम प्रमाण पदार्थाच्या दाखल्यावर जी अनिश्चितता लिहिलेली असते तीही याच पंक्तीतील असते. २४१ ची गोष्ट याहून बिकट आहे. त्याचे अर्धायुष्य अवघे चौदा वर्षांच्या थोडे वर असल्यामुळे दरवर्षी त्याचा शेकडा पावणेपाच इतका भाग अमेरिशियम या दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतरित होतो. तोकाईच्या हिशेबातील २९ किलोंचे कोडे येथे सुटते. प्लुटोनियमचे माप वापरणाऱ्याला, म्हणूनच, त्यावरील तारीख आधी वाचावी लागते आणि त्या तारखेपासून आजपर्यंतची घट वजा करावी लागते. ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही असे माप त्याच्या उपयोगाचे नाही.

मग ते तयार कसे करतात? सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे शुद्ध धातू. विद्युत्‌शोधनाने प्लुटोनियम धातू अत्यंत शुद्ध करता येतो. तो शुद्ध आहे असे नुसते म्हणून भागत नाही. त्यातील लोह, कार्बन, प्राणवायू, युरेनियम, अमेरिशियम असा प्रत्येक भेसळ-घटक स्वतंत्रपणे शोधून त्याची बेरीज शंभरातून वजा करावी लागते. पुढे धातूचे लहान लहान तुकडे करावयाचे. पण हा धातू हवेत काळवंडतो, दमट हवेत तर झपाट्याने गंजतो, आणि बारीक चुरा झाल्यास आपोआप पेटही घेतो. गंज चढला की वजन वाढते, आणि माप खोटे ठरते. त्यामुळे हे सारे काम निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागते. तुकडे काचेच्या नळ्यांत हवाबंद करून ठेवतात. नळी फोडली की पृष्ठभाग साफ करून तो तुकडा त्वरेने तोलावयाचा. हवेच्या उत्प्लावकतेमुळे पडणारा सूक्ष्म फरकही हिशेबात धरावयाचा. आणि मग संपूर्ण तुकडा आम्लात विरघळवावयाचा. अर्धा वापरून अर्धा परत ठेवण्याची सोय यात नाही. ज्या पदार्थाचा अल्पसा कण श्वासावाटे फुप्फुसात गेला तरी तो वर्षानुवर्षे तेथेच बसून राहतो, त्याच्याशी ही नाजूक कारागिरी चाललेली असते, हे विसरून चालत नाही. सोन्याच्या कारखान्यातील सोनारही आपला कचरा जपून ठेवतो. येथे तर हातमोजा आणि पुसलेले फडकेसुद्धा हिशेबात असते.

धातूऐवजी एखादे स्थिर लवण वापरता येईल का, हाही विचार झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण कार्यालयाने एके काळी धातूच्या जोडीने प्लुटोनियम सल्फेटाचे स्फटिकही प्रमाण पदार्थ म्हणून दिले होते. लवण हाताळावयास सोपे आणि हवेत न बिघडणारे; पण प्लुटोनियममधून निघणारे अल्फा कण त्या लवणातील पाण्याचे आणि रेणूंचे आतल्या आत विघटन करीत राहतात. घरभेद्याच्या या कामामुळे दीर्घ मुदतीच्या भरवशाला मर्यादा पडते.

आता हे माप कारखान्यात वापरतात कसे ते पाहावे. आम्लात विरघळलेले जळके इंधन इतके किरणोत्सारी असते की माणसाने त्याच्याजवळ जाणेच शक्य नसते. जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनी त्याचा नमुना काढावा लागतो, आणि तो नमुना पुरेपूर, एकही थेंब न सांडता, शुद्ध करून तोलणे हे केवळ अशक्य. येथे रसायनशास्त्रज्ञांनी एक सुरेख युक्ती योजिली आहे. ज्वारीच्या पोत्यात दाणे किती हे मोजावयाचे आहे, असे समजा. बरोबर एक हजार दाणे रंगवून त्या पोत्यात टाकावे, पोते चांगले ढवळावे आणि एक मूठ बाहेर काढावी. मुठीत एका रंगीत दाण्यामागे पन्नास साधे दाणे निघाले तर पोत्यात सुमारे पन्नास हजार दाणे आहेत, हे उघड झाले. पोते ढवळून झाल्यावर चार मुठी सांडल्या तरी बिघडत नाही, कारण गुणोत्तर कायम राहते. प्लुटोनियमच्या बाबतीत हा ‘रंग’ म्हणजे समस्थानिकांचे वेगळे प्रमाण. कारखान्याच्या द्रावणातील प्लुटोनियममध्ये २४० चा वाटा मोठा असतो. जवळजवळ सगळाच २३९ असलेले प्लुटोनियम त्यात ठराविक वजनाने मिसळले, तर वस्तुमान-वर्णपटमापकावर बदललेले गुणोत्तर पाहून मूळ प्लुटोनियम किती होते हे काढता येते.

परंतु या साऱ्या युक्तीचा जीव त्या ‘बरोबर एक हजार’ या शब्दांत आहे. रंगविलेले दाणे नऊशे नव्वदच असतील तर पोत्याचा सारा हिशेब शेकडा एकाने चुकेल, आणि चुकला हे कोणालाही कळणार नाही. बेल्जियममधील गेल येथील युरोपीय संशोधन केंद्रात हे ‘रंगीत दाणे’ तयार होतात. एका लहानशा कुपीत सुमारे २ मिलिग्रॅम प्लुटोनियम आणि त्याच्याबरोबर काही दशक मिलिग्रॅम युरेनियम असते. द्रावण कुपीत घालून, प्रत्येक कुपीतील वजनाची स्वतंत्र नोंद करून ते सुकवितात आणि प्रवासात त्याचे कपचे उडू नयेत म्हणून वर सेल्युलोजजन्य पदार्थाचा पातळ लेप देतात. सेलाफील्ड आणि ला हाग येथील कारखान्यांच्या आवारात युरोपीय निरीक्षकांच्या प्रयोगशाळा अनुक्रमे १९९९ आणि २००० साली थाटण्यात आल्या. तेथील हिशेब या कुप्यांच्या आधारे चालत आला. कारखान्यातील माणसाने नमुन्याचे ठराविक वजन थेट या कुपीत ओतावयाचे, की पुढचे सारे काम गुणोत्तराचे. अब्जावधी खर्चून उभारलेल्या कारखान्याची पत त्या दोन मिलिग्रॅमवर तोललेली असते.

येथे एक शंका रास्त आहे. कारखानदार आणि निरीक्षक दोघेही एकाच ठिकाणचे माप वापरीत असतील, तर दोघांचे उत्तर जुळेल. पण मापच चुकीचे असल्यास दोघेही सारखेच चुकतील. दोन दुकानदारांनी एकाच लोहाराकडून वजने घडवून घ्यावी आणि एकमेकांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही द्यावी, तसला हा प्रकार. यावर उपाय एकच: निरनिराळ्या मार्गांनी, निरनिराळ्या हातांनी बनविलेली मापे हवीत आणि ती वारंवार परस्परांशी ताडून पाहावयास हवीत. दुसरा मार्ग कूलोममितीचा आहे. प्लुटोनियमच्या एका आयनाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यास किती विद्युत्‌भार लागला हे मोजून, फॅराडेच्या नियमावरून, पदार्थाचे प्रमाण थेट काढता येते. त्याला दुसऱ्या प्लुटोनियमशी ताडण्याची तत्त्वतः गरज नसते. गेल येथून १९८२ पासून चालविला गेलेला आंतरप्रयोगशालेय तुलनेचा कार्यक्रम असो की फ्रेंच अणुशक्ती आयोगाच्या समितीचा तसाच उपक्रम असो, त्यांत प्रयोगशाळांना ज्याचे खरे उत्तर सांगितलेले नाही असे नमुने पाठविले जातात. परीक्षार्थीला प्रश्नपत्रिका मिळावी आणि उत्तर मात्र परीक्षकाच्या खिशात असावे, अशी ही व्यवस्था. तिचे निकाल सर्वांनाच सुखावह असतात असे नाही, आणि तेच तिचे मोल.

चिंतेची गोष्ट निराळीच आहे. अशी मापे करणारी ठिकाणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती वाढत नाहीत. अमेरिकेत हे काम आधी राष्ट्रीय प्रमाण कार्यालयाकडे होते. १९८० नंतरच्या दशकात ते न्यू ब्रन्सविक प्रयोगशाळेकडे गेले. या प्रयोगशाळेची स्थापना १९४९ साली न्यू जर्सीत झाली होती, १९७७ मध्ये ती इलिनॉय राज्यात आर्गॉन येथे हलली, आणि अलीकडच्या काळात तर तिचे स्वरूप एका कार्यक्रम-कचेरीपुरतेच उरले. धातूचे जुने साठे वापराने घटतात. नवे तयार करावयाचे तर प्लुटोनियम हाताळण्याचा परवाना, शस्त्रधारी पहारा, हातमोजे-पेट्यांची रांग आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षे हात बसलेला रसायनज्ञ लागतो. त्यात काही ग्रॅम प्लुटोनियम एका देशातून दुसऱ्या देशात न्यावयाचे म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. शस्त्रनिर्मितीवर टनावारी प्लुटोनियम खर्च करणाऱ्या सरकारांना मोजमापासाठी मूठभर ग्रॅम पुरविणे जड जावे, हा विनोद नव्हे; ही अग्रक्रमांची साक्ष आहे.

भारताला हा विषय परका नाही. तुर्भ्याचा प्लुटोनियम कारखाना होमी सेठना यांच्या देखरेखीखाली भारतीय अभियंत्यांनी उभारला आणि तो १९६४ साली सुरू झाला. मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशांनी अणुसाहित्याचे दरवाजे लावून घेतले. अशा वेळी प्लुटोनियमचे माप परक्या देशाच्या मर्जीवर सोडणे परवडणारे नव्हते. तुर्भ्याच्या रसायनज्ञांनी पोटॅशियम प्लुटोनियम सल्फेट हे लवण प्रमाण पदार्थ म्हणून वापरता येते का याचा अभ्यास हाती घेतला, तो या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही आणि त्या करारातील पक्षपाताबद्दलचा भारताचा आक्षेप बिनतोड आहे. तथापि तारापूरची वीजभट्टी १९७१ च्या त्रिपक्षीय करारान्वये आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली होतीच, आणि फेब्रुवारी २००९ च्या कराराने आणखी काही अणुभट्ट्या त्या कक्षेत आल्या. करार मान्य असो वा नसो, आपल्या कोठीत किती माल आहे हे स्वतःला तंतोतंत ठाऊक असणे, यात पक्षपाताचा प्रश्नच उद्भवत नाही.

पक्षपात आहे तो दुसरीकडे. बिगरअण्वस्त्र देशांच्या ग्रॅमाग्रॅमाचा झाडा घेतला जातो. शस्त्रधारी देशांचे लष्करी साठे मात्र या जमाखर्चाच्या बाहेर राहिले. अमेरिकेने १९९६ मध्ये आपल्या पन्नास वर्षांच्या प्लुटोनियमचा हिशेब प्रसिद्ध केला, हे तिच्या श्रेयाकडेच जमा धरले पाहिजे. त्यात ९९.५ टन साठा दाखविला होता, आणि आजवरच्या व्यवहारात पुस्तकी आकडा व प्रत्यक्ष मोजणी यांत २.८ टनांची तफावत! तोकाईचे २०६ किलो त्यापुढे काय? ब्रिटनने २००० साली असाच आढावा घेतला तेव्हा नोंदींपेक्षा सुमारे ०.३ टन प्लुटोनियम जास्तच भरले. कमी भरले की जग हादरते, जास्त भरले की सुटकेचा निःश्वास टाकते. पण जास्त भरणे म्हणजेही आधीचे मोजमाप किंवा आधीची नोंद खोटी होती, एवढाच त्याचा अर्थ. युद्धकाळातील आणि त्यानंतरच्या घाईगर्दीच्या वर्षांतील अनेक आकडे मोजलेले नव्हतेच, अंदाजलेले होते. १० सप्टेंबर १९४२ रोजी शिकागोत प्लुटोनियमच्या संयुगाचे पहिले वजन झाले तेव्हा ते २.७७ मायक्रोग्रॅम भरले होते. एवढे सूक्ष्म वजन अचूक करणाऱ्या शास्त्राला पुढे टनांचा हिशेब लागेना, याला शास्त्राचा नाइलाज जितका कारण तितकीच निष्काळजीही.

हिशेबाचा उपयोग चोर पकडण्यापुरताच असतो असेही नाही. सेलाफील्ड येथील ‘थॉर्प’ कारखान्यात एक नळ तुटून ८३ घनमीटर द्रावण बंद कोठडीत सांडले. त्यात सुमारे २२ टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम होते. कित्येक महिने ही गळती कोणाच्या ध्यानी आली नाही. उपकरणे इशारे देत होती. कारखाना नवा आहे, त्यात असे होणारच नाही, या समजुतीने त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. अखेर आलेल्या आणि मोजलेल्या मालाचा मेळ बसेना, म्हणून शोध सुरू झाला आणि एप्रिल २००५ मध्ये कॅमेऱ्याने ती तळी दाखविली. द्रावण कोठडीबाहेर गेले नाही, त्यामुळे अनर्थ टळला. पुढे पाच लाख पौंडांचा दंड झाला. वजनाच्या आकड्यांवर त्या मंडळींनी आधीच विश्वास ठेवला असता तर गळती काही आठवड्यांतच सापडली असती.

‘थॉर्प’मधील पुनर्प्रक्रिया नोव्हेंबर २०१८ मध्ये थांबली. पण सेलाफील्डच्या कोठ्यांत सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम साठले होते. त्याचे इंधन न करता ते निश्चल रूपात बद्ध करून पुरावयाचे, असे ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. त्या कामाला कित्येक दशके लागणार. तोवर प्रत्येक डबा उघडताना, भरताना आणि मिटताना तो तोलावा लागेल. प्रत्येक वेळी डब्यातील २४१ थोडे कमी झालेले असेल आणि अमेरिशियम थोडे वाढलेले. त्या तोलण्यासाठी लागणाऱ्या कुप्या कोणाच्या प्रयोगशाळेत, कोणत्या धातूपासून आणि कोणाच्या हातून भरल्या जाणार, याची तजवीज मात्र पुरण्याच्या जागेच्या शोधाइतकीच तातडीने आताच व्हावयास हवी.